भरल्या घराचा आवाज

१

त्या सकाळी माझ्या यादीत अकरा खोल्या होत्या. तिसरी गल्ली, डावी बाजू, एकोणचाळीसपासून एकोणपन्नासपर्यंत.

दिव्यांचा पट्टा पूर्ण उजळला की मी निघायची. एका खांद्यावर पाण्याची बाटली, दुसऱ्यावर टिचकी. टिचकी म्हणजे माझं यंत्र. त्याला एक लांबलचक खरं नाव आहे, पण ते फक्त सामानाच्या यादीत वाचायला मिळतं. खोलीच्या मधोमध तिपाईवर ते ठेवायचं, बटण दाबायचं. ते चुटकीसारखा एक कडक आवाज काढतं आणि तो आवाज खोलीत किती वेळ घुमत राहिला याचा आकडा दाखवतं. एवढंच.

आम्ही ज्याच्या पोटात राहतो त्याला सगळे नुसतं ‘दगड’ म्हणतात. साडेचार किलोमीटर लांबीचा, स्वतःभोवती फिरणारा. तो फिरतो म्हणून आमचे पाय जमिनीला टेकतात. आतून पोखरून त्यात गल्ल्या काढल्या, गल्ल्यांना खोल्या काढल्या, आणि हवा झिरपून जाऊ नये म्हणून प्रत्येक खोलीच्या भिंती वितळवून त्यांना काच चढवली. काचेमागे तडा असला, पोकळी असली, तर आवाज लवकर मरतो. ते शोधणं हे माझं काम. पायाखाली पंधरा मीटर दगड आणि त्याखाली काही नाही. त्या ‘काही नाही’मुळे मला नोकरी होती.

चांगली, रिकामी खोली दोन सेकंद घुमते. एकोणचाळीस नंबर, २.०४. चाळीस, १.९८. वहीत लिहिलं, तिपाई उचलली, शेजारच्या दारातून आत गेले.

एक्केचाळीस, ०.६१.

मी यंत्र बंद करून परत चालू केलं. ०.६१. बॅटरी बदलली. ०.६०. मग मी यंत्र सोडलं आणि स्वतःच “हं” केलं. रिकाम्या खोलीत हं केलं की चारजणींनी मिळून हं केल्यासारखं वाटतं. इथं माझं हं माझ्यापाशीच संपलं.

कधी घर बदललं असेल तर आठवून बघा. सामान गेल्यावर शेवटची नजर टाकायला आपण आत जातो, कुणाला तरी हाक मारतो, आणि इतकी वर्षं आपलं असलेलं घर एकदम खेकसल्यासारखं बोलतं. हे त्याच्या बरोबर उलट होतं. समोर राखाडी काचेच्या भिंती होत्या, वर हवेची जाळी, कोपऱ्यात वायरींची तोंडं. आणि आवाज होता गाद्या-पांघरुणांचा, खुंटीवरच्या कपड्यांचा, डब्यांनी भरलेल्या फळ्यांचा. भरल्या घराचा.

घाबरले वगैरे नाही. खरं सांगायचं तर मला गंमत वाटली. दुसरी कुठली खोली असती तर गंमतच राहिली असती. पण ही माझी खोली होती. आधी आलेल्या कामगारांना खोली निवडायची मुभा होती आणि मी बागेजवळची म्हणून एक्केचाळीस घेतली होती. मला इथे येऊन अडीच वर्षं झाली होती, आणि आता माझा नवरा आणि मुलगी येत होते. त्यांचं जहाज अकरा दिवसांवर होतं.

२

काच चढवणारे मिस्त्री पंचावन्नचे, पोट सुटलेले, आणि आपल्या कामाबद्दल एक शब्द ऐकून न घेणारे.

“माझ्या काचेत फट?” ते दारातूनच म्हणाले. “ताई, फट दाखवा, मी जेवण सोडतो.”

“फट आहे असं मी म्हणत नाही. तुम्ही आत येऊन बोलून बघा.”

ते आत आले, मधोमध उभे राहिले आणि “काय बोलू?” म्हणाले. डोकं जरा वाकडं करून त्यांनी पुन्हा म्हटलं, “काय बोलू?”

“कळलं?”

“खोली अंगावर येत नाहीये,” ते हळूच म्हणाले. “बाकीच्या येतात.”

दुपारपर्यंत आम्ही दोघांनी ती खोली पिंजून काढली. त्यांनी दिव्याचा झोत आडवा धरून भिंतीचा इंच न् इंच पाहिला. मी जाळी उघडून आत हात घातला, वायरींच्या तोंडांत बोळे कोंबले, दाराचं रबर तपासलं. हवेचा दाब बरोबर. ओलावा बरोबर. काच तर अशी, की मिस्त्रींनी तिच्यात बघून मिशी सारखी केली.

“आवाज जातो कुठे मग?” मी विचारलं.

“तो तुमचा प्रांत. माझं जेवण वाचलं, मी खूश आहे.” पण जाताना ते दाराशी घुटमळले. “ताई, आत शिरताना मी चपला काढल्या. का काढल्या, सांगता येत नाही. कुणाच्या घरात गेल्यासारखं...” पुढचं वाक्य त्यांनी हाताने उडवून लावलं आणि गेले.

त्या संध्याकाळी घरच्यांशी बोलायची माझी पाळी होती. जहाज निघालं त्या सुमारास एका प्रश्नाचं उत्तर यायला वीस मिनिटं लागायची. मी प्रश्न विचारून आंघोळ करून यायची. आता नऊ सेकंद लागत होते. दिवसागणिक ते अंतर कमी होताना ऐकणं हे माझं त्या महिन्यांतलं सगळ्यात मोठं सुख होतं.

मुलगी अकरा वर्षांची. एका जागी बसत नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणतात.

“आई, माझी कॉट जाळीखाली! तू कबूल केलंयस. मला वरून वारा पाहिजे.”

“कबूल, कबूल.”

नऊ सेकंदांनी उत्तर आलं, “दोनदा कबूल म्हटलंस म्हणजे तू दुसऱ्याच विचारात आहेस.”

३

आमच्या मोजणीखात्याच्या प्रमुखांना सगळे बाई म्हणतात. साठीच्या, एकट्या, केस बारीक कापलेले. कुणी अडचण घेऊन गेलं की त्यांचा चेहरा उजळतो, त्यामुळे काही लोक त्यांच्याकडे जायचं टाळतात. मी वही पुढे ठेवली तेव्हा त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. वाईट लक्षण होतं.

“काल सकाळी ०.६१. दुपारी?”

“०.५८. आज सकाळी ०.५५.”

“उतरतोय. तू आत असतेस?”

“मोजताना आत असावंच लागतं ना.”

“का लागतं? यंत्र आत ठेव, बटण आणि आकड्यांचा पडदा वायरीने बाहेर काढ, दार लाव.”

तसं केलं. दार लावून, आत कुणीही नसताना, ०.५५. बाईंनी दहा वेळा बटण दाबलं. आकडा जागच्या जागी राहीना. ०.५५०, ०.५४६, ०.५५३. त्यांनी चष्मा वर सरकवला.

“सामान हलत नाही,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“रिकाम्या खोलीत दहा वेळा मोजलं तर दहा वेळा तोच आकडा येतो. फर्निचर असलं तरी तोच येतो. हा डुलतोय. आत काहीतरी जागा बदलतंय.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी बेचाळीस नंबरमध्ये मांडामांड केली. कोठारातून कॉटा आणल्या, गाद्या, पडदे, कपड्यांच्या पेट्या. मग खानावळीतली मोकळी माणसं बोलावून एकेकाला आत उभं केलं. लोकांना ती मजाच वाटली. कोण किती ‘आवाज खातो’ यावरून चेष्टा सुरू झाली. स्वयंपाकी सगळ्यात जास्त खाणार असं सगळ्यांचं मत होतं, आणि निघालंही तसंच. संध्याकाळपर्यंत आमच्याकडे तक्ता तयार होता. भरल्या खोलीत एक मोठं माणूस आलं की आकडा सुमारे तीन शतांशाने उतरतो. लहान मूल असलं तर त्याच्या निम्म्याने. गादी वरच्या पट्टीचे आवाज जास्त खाते, पेटी खालच्या पट्टीचे. यंत्राचा कान, म्हणजे आवाज टिपणारं टोक, खोलीत ठिकठिकाणी ठेवून मोजलं तर कुठली वस्तू कुठल्या भिंतीला आहे हेसुद्धा ढोबळमानाने सांगता येतं.

“आता एक्केचाळीस,” बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते, आणि माझेही चमकत असणार. त्या दिवसापर्यंत मला यातलं काहीच टोचलं नव्हतं. इतकी वर्षं यंत्र खांद्यावर वागवून पहिल्यांदाच काहीतरी मिळालं होतं.

४

चौकोनी कागदावर आराखडा मी काढला. एकूण चाळीस ठिकाणी कान ठेवला, दोन दिवस लागले.

डाव्या भिंतीला मोठी कॉट. दाराशेजारी उंचावर काहीतरी कापडी, बहुधा खुंटीवरचे कपडे. समोरच्या भिंतीला फळ्या, खालच्या दोन भरलेल्या. मधे बुटकं टेबल. मी पेन्सिल फिरवत गेले आणि निम्म्यावर आल्यावर हात मंद झाला. मोठी कॉट डाव्या भिंतीला मीच ठरवली होती. बुटकं टेबलही; नवऱ्याला खाली बसून जेवायला आवडतं. मी हे फक्त त्या दोघांशी बोलले होते.

उजवीकडे, जाळीखाली, कान चार वेळा ठेवला. तिथे काही नव्हतं. जमीन, भिंत, काच. आख्ख्या खोलीत तेवढीच जागा रिकाम्या खोलीसारखी घुमत होती.

“इथे काय यायला हवं होतं?” बाईंनी विचारलं. माझा चेहरा त्यांनी पाहिला असावा.

“काही नाही. मुलीची कॉट.”

त्यांनी आराखड्यातल्या त्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं. मग म्हणाल्या, “एक शेवटचं बघू. वायर बाहेर. मिस्त्रींना बोलाव.”

मिस्त्री आत गेले. आकडा तीन शतांशाने उतरला. बाहेर आले, परत चढला. बाई आत गेल्या, उतरला. बाहेर आल्या, चढला.

“आता तू.”

मी आत गेले, दार लावलं, मिनिटभर उभी राहिले, बाहेर आले. बाई पडद्याकडे बघत होत्या.

“पुन्हा जा.”

गेले. आले.

“पुन्हा.”

तिसऱ्यांदा बाहेर आले तेव्हा मिस्त्री माझ्याकडे न बघता यंत्राच्या वायरीकडे बघत होते.

“तुझ्यामुळे काहीच फरक पडत नाही,” बाई म्हणाल्या.

“यंत्र...”

“यंत्र आमच्या दोघांसाठी चालतं आणि तुझ्यासाठी बंद पडतं, असं म्हणायचंय तुला? मला तरी एकच सुचतं. बरोबर की चूक, माहीत नाही.” त्यांनी शब्द निवडायला वेळ घेतला. “तू आत जायच्या आधीच तू तिथे हिशेबात धरलेली आहेस.”

“आणि?”

“आणि आणखी एकजण. मोठं माणूस. ते डुलणं दोन माणसांचं आहे. दोनच.”

कारण विचारू नकोस, असं त्या पुढे म्हणाल्या. विचारायचं मला सुचलंही नव्हतं. मी आराखड्याच्या उजव्या बाजूकडे बघत होते.

५

मी विचार करणारी बाई आहे. रात्रीच्या गोष्टी ऐकून पांघरूण डोक्यावर घेणाऱ्यांतली नाही. म्हणून पुढचे दोन दिवस मी स्वतःशी नीट भांडले. आमचा तक्ता एका दिवसात, हसत-खिदळत केलेला. तीन शतांश म्हणजे किती? दारातून आलेली हवासुद्धा तेवढा फरक पाडेल. मी अंगाने बारीक, माझे कामाचे कपडे गुळगुळीत कापडाचे. मुलीची कॉट रिकामी दिसते म्हणजे काय? मुळात खोलीत कुठलीच कॉट नाही. नसलेल्या चार वस्तूंपैकी एक वस्तू नाही, यावरून घाबरायचं?

भांडणात मी जिंकले. आणि तरी नवऱ्याशी बोलताना पहिलं वाक्य हेच निघालं, “अरे, आपण खोली बदलू या का?”

आता उत्तर जवळजवळ लगेच यायचं. “का गं? बागेजवळची म्हणून तूच नाचत होतीस.”

मी सगळं सांगितलं. तो हसला नाही. तो स्वभावाने थट्टेखोर आहे, पण कधी हसायचं नाही ते त्याला कळतं.

“तुझं स्वतःचं काय मत आहे?” त्याने विचारलं.

“माझं मत, यात काही नाही.”

“मग?”

“मला तिथे राहायचं नाही.”

“मग नको राहायला,” तो म्हणाला. “इतकं सोपं आहे.”

इतकं सोपं नव्हतं. जहाजातून दोनशे माणसं उतरणार होती आणि प्रत्येक खोलीवर कुणाचं तरी नाव होतं. मी बाईंकडे गेले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी खणातून आपली किल्ली काढून टेबलावर ठेवली.

“पहिल्या गल्लीत आहे. लहान आहे, तिघांना अडचण होईल. एक भिंत जरा तिरकी आहे.”

“बाई, तुम्ही कुठे जाणार?”

“एक्केचाळीसमध्ये.”

“एकट्या?”

“अजून निश्चित नाही ना, एकटी की कसं,” त्या म्हणाल्या, आणि मनापासून हसल्या. मग माझा हात धरला. “अगं, चाळीस वर्षं मी निर्जीव भिंती ऐकतेय. हे सोडून मी झोपायला कुठे जाऊ?”

६

धक्क्यावरून पहिल्यांदा चालताना सगळेच झोकांडतात. इतके महिने हलकं राहिलेलं अंग एकदम जड होतं. भिंगरी मात्र माझ्याकडे पळत आली, दोनदा पडली, तिसऱ्यांदा सरळ माझ्या पोटावर आदळली. तिचं डोकं माझ्या खांद्याला लागत होतं. मी सोडून आले तेव्हा ते छातीला लागायचं.

खाणंपिणं झालं. बाईंनी भिंगरीला यंत्र दाखवलं आणि दोघींचं एकदम जमलं. नवरा माझ्या कानाशी म्हणाला, “राहू नको म्हणालीस, ठीक. बघू तर दे.”

भिंगरीला बाईंपाशी खानावळीत ठेवून आम्ही दोघं तिसऱ्या गल्लीत गेलो. बाईंचं सामान अजून आलं नव्हतं; यंत्र मात्र आत होतं, पडदा बाहेर. मी बटण दाबलं. ०.५२.

“जा,” मी म्हणाले.

तो आत गेला. मी दार लावलं, बटण दाबलं. ०.५२. पाच वेळा दाबलं. आकडा तेवढाच डुलला, उतरला नाही. दार उघडून तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता.

“काही नाहीये आत,” तो म्हणाला. “पण मी मोठ्याने बोललोच नाही. कुणी झोपलेलं असावं तसा...” त्याने माझ्या हातातल्या पडद्याकडे पाहिलं. “काय आलं?”

सांगायच्या आधीच गल्लीच्या टोकाकडून पावलं आली. भिंगरी पुढे, बाई मागे, धापा टाकत. “अगं, थांबली नाही!” बाई तिथूनच ओरडल्या. मी हात पसरला, पण भिंगरी हाताखालून वाकून सरळ आत गेली. पाठोपाठ दार आपोआप लागलं.

माझं बोट बटणावर होतं. ते मी दाबलं की आपसूक दाबलं गेलं, सांगता येणार नाही.

०.५०५.

दीड शतांश. लहान मुलाचा बरोब्बर तेवढा, तक्त्यात होता तेवढा.

मी दार उघडून तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. अडीच वर्षांनी भेटलेल्या पोरीला पहिल्याच दिवशी असं ओढावं लागलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, नुसतं आश्चर्य होतं.

“आई, इथे कोण राहतं?”

“कोणी नाही.”

“मग मला हळू बोलावंसं का वाटलं?”

नवऱ्याने तिला उचलून घेतलं. अकरा वर्षांच्या, उंच वाढलेल्या मुलीला त्याने कडेवर घेतलं, आणि त्या जडपणात गल्लीच्या टोकापर्यंत तसाच चालत गेला.

७

पहिल्या गल्लीतली खोली खरंच लहान होती. कॉट उघडली की दार उघडायचं नाही, दार उघडायचं तर एकाने कॉटवर चढायचं. तिरक्या भिंतीला फळी लागेना म्हणून मिस्त्रींनी स्वतः येऊन एक वाकडी फळी करून दिली आणि “ही कला आहे, हसू नका,” असा दम भरला. भिंगरी शाळेत रुळली. नवऱ्याला बागेत काम मिळालं; नखांत माती घेऊन यायचा आणि माती-माती करत झोपायचा. मी खोल्या मोजत होते. बाकी सगळ्या खोल्या दोन सेकंद घुमत होत्या.

आमची खोली मी कधीच मोजली नाही. कंटाळा, असं कारण मी स्वतःला दिलं होतं.

बाईंकडे मात्र एकदा जावंच लागलं. दोन महिने झाले होते. त्या कामावर यायच्या, बोलायच्या, पण खोलीबद्दल चकार शब्द नाही. एका सुट्टीच्या सकाळी त्यांनीच निरोप धाडला.

त्यांचं सामान थोडं होतं. एक अरुंद कॉट दारापाशी, पुस्तकांची एक पेटी. उरलेली खोली मोकळी, आणि त्या चालताना मोकळ्या जागेतून सरळ न जाता वळसे घेत होत्या. मी पायांकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

“सवय झाली,” त्या ओशाळून म्हणाल्या. “मधे टेबल आहे ना.”

“तुमचा आकडा?”

“मी आत शिरले की रोज उतरतो. दोन महिने झाले, पण मी इथे पाहुणीच.” त्यांना त्याचं वाईट वाटत असल्यासारखं वाटलं. “ती दोघं आहेत अजून.”

ती दोघं म्हणजे कोण, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

“पहिल्यांदा ती इकडेतिकडे असायची,” त्या सांगू लागल्या. “फळ्यांपाशी, टेबलापाशी, दारात. सकाळी एकाची चाहूल कमी व्हायची, संध्याकाळी परत यायची. कुठल्याही घरात असतं तसं. मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू? मग तीन आठवड्यांपूर्वी थांबलं.”

“गेली?”

“नाही. बसली.” त्यांनी उजवीकडे पाहिलं, जाळीखाली. “दिवसभर दोघं तिथेच असतात. एकमेकांना अगदी लागून. जिथे काही नाही, त्याच्या कडेला.”

मी त्या बाजूला बघितलं. राखाडी काच होती. तिच्यात खोली उलटी, अंधुक दिसत होती, दार दिसत होतं, दारापाशी मी आणि बाई. खालच्या कडेला, जमिनीला टेकून, काचेत एक जागा जराशी जास्त अंधुक होती. कुणी पाठ टेकून बराच वेळ बसलं की भिंतीवर अंगाची वाफ धरते, तेवढी. एकाची नाही, रुंद. मी डोळे मिटून उघडले. मग खाली वाकून बघायचं धैर्य मला झालं नाही.

“तुम्हाला भीती वाटत नाही?” मी विचारलं.

“वाटते ना,” बाई म्हणाल्या. “पण त्यांना असं टाकून जाववतही नाही.”

चहा न घेता मी निघाले. गल्लीतून जवळजवळ पळत शाळेपाशी गेले. सुट्टी आहे हे विसरले होते. मग बागेत गेले. भिंगरी बापाबरोबर गुडघाभर चिखलात उभी होती आणि माझ्याकडे बघून ओरडली, “आई, कपडे मी धुणार, तू रागावू नकोस!”

मी तिथेच वाफ्याच्या कडेला बसले आणि पोटभर रडले. दोघांना वाटलं, कपड्यांसाठीच.

८

त्यानंतर पंधरा दिवसांनी, दुपारी, कामावरून आले तर घराचं दार बंद आणि बाहेर गल्लीत भिंगरी मांडी घालून बसलेली. तिच्या मांडीवर टिचकीचा पडदा. वायर दाराखालून आत गेली होती.

“बाईंनी दिलं!” मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली. “शाळेचा प्रयोग आहे. कोण किती आवाज खातो. बाबा आत आहेत. आई, आपलं यंत्र बिघडलंय बहुतेक.”

“का?”

“मी आत जाऊन आले, काही फरक नाही. बाबा गेले, काही फरक नाही. मघाशी शेजारच्या काकू आल्या, तर लगेच उतरला. आमच्यामुळे का नाही?”

मी भिंतीला टेकले. मुलगी आत गेली आणि फरक पडला नाही. या वाकड्या, अडचणीच्या, कॉटवर चढून दार उघडायच्या खोलीने माझ्या पोरीला धरलं होतं. माझं तोंड हसू लागलं ते मला आवरेना.

“काय झालं? हसतेस काय?”

“काही नाही. छान प्रयोग आहे.”

“मग तू पण जा ना. बाबा, बाहेर या! आई जातेय.”

नवरा कॉटवरून उतरून बाहेर आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, त्यालाही कळलं; त्याने भिंगरीच्या केसांतून हात फिरवला. मी आत गेले. दार लागलं. आमच्या तिघांच्या चपला, वाकड्या फळीवरचे डबे, दोरीवर भिंगरीचा चिखलाचे डाग न गेलेला सदरा. बाहेरून तिचा आवाज आला, “एक... दोन... दाबते!” आणि खोलीत ती कडक चुटकी वाजली.

मग आणखी एकदा चुटकी वाजली. मग आणखी एकदा.

मी दार उघडलं.

“तुझ्यामुळे उतरला,” भिंगरी म्हणाली. ती पडद्यावरून मान वर करून माझ्याकडे बघत होती, भुवया आक्रसून, बाई बघतात तशी. “तीन शतांश. तीनही वेळा. आमच्यामुळे नाही, फक्त तुझ्यामुळे. असं का?”

ती उत्तराची वाट बघत होती. तिला सगळ्याचं उत्तर हवं असतं.

“मी जाडी झालेय ना,” मी म्हणाले. “तुझ्या बापाच्या बागेतलं खाऊन खाऊन.”

भिंगरी खिदळली. “खरंच झालीयेस,” म्हणाली, आणि तिने ते आपल्या वहीत लिहूनही घेतलं.

नवरा हसला नाही. त्याने खाली बसून यंत्राची वायर काढली, सावकाश गुंडाळली, आणि यंत्र बाईंकडे परत देऊन आला. खोली बदलायची का, असं त्याने त्या दिवशी एकदाच विचारलं. मी नाही म्हणाले. ही खोली मी सोडणार नव्हते.

जेवायला बसलो तेव्हा तो माझ्या इतका जवळ बसला, की घास उचलताना आमची कोपरं एकमेकांना लागत होती. भिंगरी म्हणाली, “एवढी जागा आहे, सरका की जरा.”

आम्ही दोघंही सरकलो नाही.